साइनशांदचं सहा महिन्यांचं वर्ष

मंगोलियातल्या साइनशांदमध्ये काँक्रीटचं वर्ष एप्रिलच्या मध्याला उजाडतं आणि ऑक्टोबरच्या मध्याला मावळतं. उरलेले सहा महिने जमीन दोन-अडीच मीटर खोलपर्यंत गोठलेली असते. मातीतलं पाणी गोठताना फुगतं आणि वर जे काही उभं असेल ते उचलतं; उन्हाळा लागला की वितळून पुन्हा सोडून देतं. दोन-तीन हिवाळ्यांत भिंतीला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून इथला पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो, आणि खणणं, ओतणं, बुजवणं ही तिन्ही कामं त्या सहा महिन्यांतच उरकावी लागतात.

सांगोल्याकडचा एक सिव्हिल इंजिनिअर इथे कामावर रुजू झाला तेव्हा हे सगळं तो वाचून आला होता. थंड हवेतल्या काँक्रीटवर आपल्याकडे भारतीय मानकाचा स्वतंत्र भागच आहे. त्याआधीची काही वर्षं त्यानं आखातात काढलेली. वाळवंट म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको, असा त्याचा समज होता. शिवाय माणूस सांगोल्याचा, दुष्काळात वाढलेला. सोलापूर जिल्ह्यात पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि आपण त्याला अवर्षणग्रस्त म्हणतो. साइनशांदला वर्षाकाठी शंभर-सव्वाशे मिलिमीटर पडतो आणि तिथले लोक ‘यंदा गवत बरं आहे’ म्हणतात.

दोर्नोगोबी, म्हणजे पूर्व गोबी, या प्रांताचं हे मुख्य ठाणं. प्रांताला तिकडे आयमग म्हणतात आणि त्याच्या तालुक्यांना सूम. दोर्नोगोबीत असे चौदा सूम आहेत. क्षेत्रफळ सुमारे १ लाख ९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून थोडं जास्त; वस्ती सत्तर हजारांच्या आसपास. त्यातली तिसऱ्या हिश्श्याची माणसं एकट्या साइनशांदमध्ये राहतात. बाकीच्या मुलखात तासन्‌तास गाडी हाकली तरी उंटांचा एखादा कळप आणि लांबवर एखादा पांढरा तंबू, याखेरीज काही दिसत नाही. हे उंट दोन वशिंडांचे, अंगावर दाट लोकर असलेले. हिवाळ्यात त्यांचा रुबाब पाहण्यासारखा असतो. वसंतात लोकर गळायला लागली की त्यांची पार रया जाते.

शहराचे दोन तुकडे आहेत. उत्तरेला स्टेशन आणि त्याभोवतीची रेल्वेवस्ती, मध्ये टेकड्यांची एक रांग, आणि पलीकडे दक्षिणेला प्रांताची कचेरी, शाळा, इस्पितळ, नाट्यगृह, चौक. सोव्हिएत काळातल्या चार-पाच मजली इमारती, आणि कडेकडेनं लाकडी कुंपणांच्या चौकोनांत गेर, म्हणजे लोकरीच्या जाड नमद्याचे गोल तंबू. या सगळ्यावर नजर ठेवून असते ती औष्णिक केंद्राची चिमणी. मंगोलियातल्या प्रत्येक गावात ती असतेच. कोळसा जाळून गरम केलेलं पाणी जाडजूड नळांतून घराघरांत फिरतं. सप्टेंबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, आठ महिने, या नळांवर गाव तगतं. जानेवारीचं सरासरी तापमान उणे सतरा-अठरा. रात्री पारा त्याच्याही बराच खाली उतरतो. जुलैत मात्र तोच पारा चाळिशीला हात लावून येतो. एकाच गोदामात हीटर आणि पंखे दोन्ही का ठेवले आहेत, असं हिशेब तपासायला आलेल्या एका साहेबांनी विचारलं होतं म्हणे.

या आडवाटेच्या गावात भारतीय माणसं कशी पोचली, ते सांगायला हवं. मंगोलियाच्या पूर्व टोकाला दोर्नोद प्रांतात कच्चं तेल निघतं; ते चीनला विकलं जातं. आणि देशाला लागणारं जवळजवळ सगळं पेट्रोल-डिझेल येतं रशियातून. स्वतःचं तेल दक्षिणेच्या शेजाऱ्याला द्यायचं आणि उत्तरेच्या शेजाऱ्याकडून शुद्ध केलेलं विकत घ्यायचं, हा व्यवहार मंगोलियाला कायम खुपत आला आहे. मे २०१५ मध्ये भारताचे पंतप्रधान पहिल्यांदाच उलानबातरला गेले. त्या भेटीत १०० कोटी डॉलरचं कर्ज जाहीर झालं आणि पुढे ते तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी वापरायचं ठरलं. जागा निवडली ती साइनशांदजवळच्या आल्तानशिरे सूममधली. क्षमता वर्षाला १५ लाख टन. सल्लागार इंजिनिअर्स इंडिया लिमिटेड. भूमिपूजन जून २०१८ मध्ये झालं, नंतर कर्जाची रक्कमही वाढली. कारखान्याबरोबर रस्ता आला, रेल्वेचा फाटा आला, विजेची लाइन आली, वसाहत आली आणि त्यामागोमाग छोटे-मोठे ठेकेदार आले. आपला इंजिनिअर अशाच एका पोटठेकेदाराकडे.

तेल शुद्ध करणं या भागाला नवं नाही, हे मात्र भारतीयांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असतं. साइनशांदच्या दक्षिणेला झूनबायान नावाची वस्ती आहे. १९४० च्या सुमाराला तिथे तेल सापडलं. सोव्हिएत तंत्रज्ञ आले, विहिरी खणल्या, १९५० च्या आगेमागे छोटासा शुद्धीकरण कारखाना उभा राहिला. एकोणीसेक वर्षं तो चालला. १९६९ मध्ये आग लागली आणि काम बंद पडलं. तोवर सैबेरियात तेलाचे अफाट साठे मिळाले होते, त्यामुळे तो पुन्हा सुरू करण्यात कोणाला रस उरला नव्हता. पुढची पन्नास वर्षं झूनबायानला जाणारा रेल्वेचा फाटा जवळपास ओस पडून होता. आता त्याचं नशीब फिरलं आहे: तावानतोल्गोईच्या कोळसा खाणीपासून झूनबायानपर्यंतचा ४१६ किलोमीटरचा नवा लोहमार्ग २०२२ मध्ये सुरू झाला.

इंजिनिअरच्या साइटवरच्या मुकादमाचे वडील या झूनबायानच्या कारखान्यात कामाला होते.

हा मुकादम साठीच्या घरातला. सगळे त्याला नावापुढे ‘अख’ लावून हाक मारत, म्हणजे थोरला भाऊ. इंजिनिअरही तसंच म्हणायला लागला. पदानं आपण वर आहोत याचा तिथे उपयोग नव्हता. वयाचा मान आधी, साइटची उतरंड नंतर. मुकादम काँक्रीट शिकला तो रशियनांच्या हाताखाली. ऐंशीच्या दशकात मंगोलियात सोव्हिएत फौजेचा मोठा तळ होता, त्यांची बांधकाम पथकं होती. ते लोक भर हिवाळ्यातही ओतकाम करत. काँक्रीटमध्ये तारा पुरून त्यांतून वीज सोडायची आणि आतून ऊब द्यायची, अशी त्यांची पद्धत. फौज १९९२ पर्यंत निघून गेली, पद्धत मुकादमाच्या डोक्यात राहिली. दोघांमध्ये सामाईक भाषा म्हणाल तर थोडं इंग्रजी, थोडं रशियन, दुभाषी मुलगी हजर असली तर ती, आणि नसली तर मोबाइल. मोबाइलचा अनुवाद कधी कधी असा काही यायचा की दोघंही हसून मोकळे होत आणि जमिनीवर काडीनं चित्र काढत.

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हा सगळ्यात घाईचा. दिवसा हवा दहा-बारा अंशांवर, मध्यरात्रीनंतर शून्याच्या खाली. काँक्रीट ओतल्यावर पहिले दोन-तीन दिवस त्यातलं पाणी गोठलं, तर सिमेंट आणि पाणी यांची क्रियाच अर्धवट राहते. वरून कठीण दिसणारा पाया आतून भुसभुशीत होऊन बसतो आणि नंतर कितीही ऊब दिली तरी ताकद भरून येत नाही. म्हणून मिक्सरमधलं पाणी साठ अंशांपर्यंत तापवायचं. खडी-वाळूच्या ढिगांवर ताडपत्री टाकून खालून वाफेचे नळ फिरवायचे. सिमेंट मात्र तापवायचं नाही, आणि गरम पाण्यात थेट टाकायचं तर मुळीच नाही, नाहीतर ते क्षणात आवळतं. आधी पाणी आणि खडी, ती एकजीव होऊन तापमान जरा उतरलं की मगच सिमेंट. शटरिंगमध्ये माल पडताना तो दहा अंशांच्या वर हवा.

हे झालं कोडातलं. ओतल्यावर पांघरायला काय, हा खरा प्रश्न. मागवलेली इन्सुलेशनची ब्लँकेट सरहद्दीवर अडकली होती. मुकादमानं एक फोन केला आणि संध्याकाळी एका लहान ट्रकमधून जुने नमदे आले. गेरच्या भिंतींचे, वापरून वापरून काळपट झालेले, मेंढीच्या वासाचे. पायाच्या माथ्यावर आधी प्लास्टिक, त्यावर नमद्याचे दोन थर, कडेनं दगड. थर्मामीटरसाठी ओतकामातच पाइपचे तुकडे सोडलेले होते. पहाटे इंजिनिअर टॉर्च घेऊन गेला तेव्हा बाहेर उणे सात होतं आणि डोक्यावरच्या टोपीला श्वासाचं दव गोठून चिकटलं होतं. मुकादम आधीच येऊन उकिडवा बसलेला. त्यानं हातमोजा काढला, नमद्याचं टोक उचलून पंजा आत सरकवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि मान डोलावली. इंजिनिअरनं पाइपमधून थर्मामीटर वर ओढला. तेरा अंश. रजिस्टरमध्ये तेरा लिहिले गेले; ‘पांघरूण’ या रकान्यात काय लिहायचं यावर मात्र गुणवत्ता विभागात बराच खल झाला. लोकरीची उष्णतावाहकता किती, याचा कागद हवा होता. तो अखेर मिळाला. मेंढीचा कागद मिळाला यावर साइटवर पुढे कित्येक दिवस विनोद चालले.

उन्हाळ्यात सगळं उलटं. हवा इतकी कोरडी आणि वारा इतका सुसाट की स्लॅबवरचं पाणी डोळ्यांदेखत उडून जातं आणि ओल्या काँक्रीटलाच भेगा पडतात. मग ओतकाम रात्री, गोणपाटं सतत भिजलेली, आणि पाणी मारणाऱ्यांच्या दोन पाळ्या. पाणी टँकरनं येई आणि त्याचा हिशेब बारकाईनं ठेवला जाई, कारण या मुलखात वाहती नदी नाही. जे आहे ते जमिनीखालचं. कारखान्याला पाणी लागणार, आणि गुरांनाही लागणार. गुराखी ही गोष्ट भांडून नव्हे, पण पुन्हा पुन्हा विचारत. ज्यांची जनावरं एका विहिरीच्या भरवशावर आहेत त्यांनी विचारू नये तर कोणी विचारावं?

वाऱ्याबद्दल एवढंच पुरेसं नाही. मार्च ते मे हा वादळांचा मोसम. क्षितिजावर तपकिरी भिंत उभी राहते आणि पाहता पाहता गावावर येते. मार्च २०२१ मधलं वादळ लोक अजून विसरलेले नाहीत. गोबीत शेकडो गुराखी वाट चुकले, काहींचे जीव गेले, जनावरं तर अगणित गाडली गेली. तीच धूळ दुसऱ्या दिवशी बीजिंगवर पोचली आणि तिथलं आकाश नारिंगी झालं, तेव्हा कुठे जगाला बातमी कळली. क्रेनचं काम थांबवायचं ते वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र पाहून, असा साइटचा नियम. मुकादमाचे लोक त्याआधीच खाली उतरायला लागत. उंट वाऱ्याकडे पाठ करून बसले की मागे फिरायचं, हा त्यांचा हिशेब. इंजिनिअरनं उंट नियमावलीत घातले नाहीत, पण टेकाडावर दिसणाऱ्या कळपाकडे नजर टाकायची सवय त्याला लागली. हाच वारा पवनचक्क्यांना धार्जिणा आहे. साइनशांदजवळ २५ पवनचक्क्यांचा ५५ मेगावॅटचा प्रकल्प उभा आहे.

रेल्वेचं या गावाशी नातं जुनं. उलानबातरकडून आलेली लाइन इथून पुढे सव्वादोनशे किलोमीटरवर झामिन-ऊद या सरहद्दीच्या गावी जाते आणि चीनमध्ये शिरते. १९५५ मध्ये ती पुरी झाली, त्याच्या पुढच्या वर्षी चीनशी थेट वाहतूक सुरू झाली. रूळ रशियन मापाचे, १५२० मिलिमीटर, चीनचे १४३५. सरहद्दीपलीकडे एरलियानला डबे जॅकवर उचलून खालची चाकं बदलतात. साइनशांदच्या बाजारातला कांदा, टोमॅटो, कोबी, झालंच तर शटरिंगचं प्लायवूड, सगळं याच वाटेनं येतं. सरहद्द दोन दिवस बंद राहिली की कॅम्पच्या स्वयंपाकघरात बटाट्यावर बटाटा सुरू होई.

या लाइनीला दोन्ही बाजूंनी तारेचं कुंपण आहे, जनावरं गाडीखाली येऊ नयेत म्हणून. त्याची दुसरी बाजू अशी की खुलान, म्हणजे गोबीतली रानटी गाढवं, पूर्वेकडच्या गवताला मुकली. दुष्काळात पांढरशेपटी हरणंही या तारांपाशी येऊन अडत, मरत. काही ठिकाणी प्रयोगादाखल कुंपण काढल्यावर २०२० मध्ये खुलान रूळ ओलांडून पलीकडे गेल्याची नोंद झाली; पासष्ट वर्षांत पहिल्यांदा. साइटला कुंपण घालायची वेळ आली तेव्हा गावातल्या एका म्हाताऱ्यानं सरळ विचारलं, जनावरांना जायला वाट कुठे ठेवली आहे?

इंजिनिअरच्या घरात वारी. गळ्यात माळ, खाणं शाकाहारी. हे त्या मुलखात कोणाला समजावून सांगणं म्हणजे आधी बराच वेळ नुसतं हसं करून घेणं. मेंढीचं मांस घातलेले वाफवलेले बूझ, तळलेले खूशूर, मांसाबरोबर परतलेल्या शेवयांचं त्सुइवान. सगळ्यांत मांस, आणि त्याखेरीज जेवण म्हणजे जेवणच नव्हे. तरीही चांद्र वर्षाच्या सुरुवातीला, त्सागान सारला, मुकादमानं त्याला घरी नेलंच. दारात थोरांच्या कोपरांखाली आपले हात धरून नमस्कार करायचा, उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही, मधल्या खांबांना टेकायचं नाही, हे त्यानं आधी विचारून घेतलं होतं. गोमेदाच्या कोरीव बाटलीतली तपकीर उजव्या हातानं पुढे आली, ती त्यानं हुंगल्यासारखं करून परत दिली. गोबीतल्या माणसाला आपल्या दगडी तपकीरदाणीचा अभिमान असतो, तेव्हा ती नीट निरखून पाहणं हाही शिष्टाचाराचाच भाग. मग मुकादमाच्या बायकोनं त्याच्यापुढे पांढऱ्या खाण्याचं ताट ठेवलं. वाळवलेलं दही, साय, चीज, आणि तूप-साखर-बेदाणे घातलेला भात. मीठ घातलेला दुधाचा चहा दर थोड्या वेळानं वाटीत पडत होता. माळकऱ्याची सोय हजार वर्षांपासून करून ठेवल्यागत सगळं तिथे होतं, फक्त मागायचं कसं ते माहीत हवं. पुढच्या खेपेला सुट्टीवरून परत येताना त्यानं शेंगदाण्याची चटणी आणली. ती मुकादमाच्या नातवंडांनी नुसतीच खाऊन संपवली.

रविवारी कामाला सुट्टी मिळाली की गावातले लोक खामार मठाकडे जातात. दक्षिणेला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. हा मठ दान्झनरावजा या लामानं १८२० च्या सुमाराला वसवला. १८०३ साली अत्यंत गरीब घरात जन्मलेला हा माणूस गोबीचा पाचवा नोयोन खुतागत, म्हणजे पुनर्जन्मानं गादीवर आलेला धर्मगुरू. शिवाय कवी, संगीतकार, चित्रकार, नाटककार आणि अट्टल मद्यपी. ‘चंद्रकोकिळ’ हे त्याचं गाजलेलं संगीत नाटक. मूळ तिबेटी कथा वाराणसीच्या एका राजपुत्राची, जो कोकिळेच्या देहात अडकतो. ते एका बैठकीत संपणारं नव्हे, दिवसेंदिवस चालायचं, आणि त्यासाठी त्यानं वाळवंटात चक्क नाट्यगृह बांधलं होतं. मुलामुलींना शिकवायला शाळा काढली, जमवलेल्या वस्तू लोकांनी पाहाव्यात म्हणून संग्रहालय केलं. १८५६ मध्ये तो गेला. विषप्रयोग झाला असं लोक सांगतात.

मठाजवळ लाल मातीचा एक चौक आहे, भोवती १०८ पांढरे स्तूप. जगाच्या ऊर्जेचं हे केंद्र, अशी श्रद्धा. लोक बूट काढून त्या मातीवर उताणे पडतात आणि डोळे मिटून घेतात. कसली ऊर्जा मिळते ते ज्याचं त्याला ठाऊक. इंजिनिअरही पडला. आठवडाभर रात्रपाळी केलेल्या माणसाला उन्हात तापलेल्या जमिनीवर झोप लागते, एवढं त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं.

त्याला जास्त भिडलं ते गावातलं छोटं संग्रहालय. दान्झनरावजाच्या मागे त्याच्या वस्तू सांभाळण्याचं काम एका घराण्याकडे वंशपरंपरेनं आलं. १९३० च्या दशकाच्या अखेरीस स्टालिनच्या दबावाखाली मंगोलियात लामांची कत्तल सुरू झाली. हजारो मारले गेले, देशातले बहुतेक मठ पाडले गेले. १९३८ मध्ये खामारची पाळी आली. त्या वेळी राखणदार होता तुदेव. मठात सामानाच्या शेकड्यांनी पेट्या होत्या. तुदेवनं रात्री, एकट्यानं, जमतील तेवढ्या हलवल्या आणि वाळवंटात, डोंगरांच्या कपाऱ्यांत पुरल्या. अशा ६४ पेट्या वाचल्या. बाकीचं जळलं. कुठे काय पुरलं याचा कागद त्यानं केला नाही. कागद सापडला असता तर जीव गेला असता. सगळा नकाशा डोक्यात. पन्नास वर्षं त्यानं तो तिथेच ठेवला आणि नातू आल्तानगेरेलला लहानपणापासून तोंडी शिकवला. १९९० मध्ये राजवट बदलली, त्याच्या पुढच्या वर्षी आल्तानगेरेलनं पेट्या उकरून साइनशांदमध्ये संग्रहालय उघडलं. २००९ मध्ये आणखी काही पेट्या कॅमेऱ्यांसमोर वर काढल्या, ते इंटरनेटवरून जगभर थेट दाखवलं गेलं. बाहेर निघाल्या पोथ्या, मूर्ती, कपडे, हस्तलिखितं. सत्तर वर्षं वाळूत राहून धड. पाऊस नाही, ओल नाही, वाळवी नाही. काँक्रीटचा जीव काढणारी ती कोरडी हवा इथे कामी आली होती.

बांधकामावर परतायचं तर पुन्हा कॅलेंडरकडे यावं लागतं. एप्रिलमध्ये जमीन सैल झाली रे झाली की इंजिनिअरला जास्तीत जास्त माणसं हवी असत, आणि नेमकी तेव्हाच ती निम्म्यावर येत. एप्रिल-मे हा शेळ्यांची काश्मिरी लोकर विंचरायचा काळ. थंडी सरली की अंगालगतची मऊ लव सुटायला लागते. चार-सहा आठवड्यांत ती फणीनं काढून घेतली नाही तर कुंपणाला, झुडपांना लागून वाऱ्यावर जाते. एका शेळीमागे साधारण तीनशे ग्रॅम, पण गुराख्याच्या घरात वर्षाची मुख्य रोकड हीच. मुलांची फी, गाडीचा हप्ता, सगळं त्यावर. त्याच दिवसांत मेंढ्या-शेळ्या वितात. गावात नोकरी करणाऱ्या मुलालाही तेव्हा वडिलांकडे जावंच लागतं. कंपनीनं वाढीव मजुरी देऊन पाहिलं. फरक पडला नाही, आणि पडायला नको होता. आदल्या हिवाळ्यात ‘झूद’ येऊन गेला असला, म्हणजे बर्फ घट्ट बसून चारा जनावरांच्या तोंडाबाहेर गेला असला, तर उरलेल्यांना जगवायला घरात प्रत्येक हात लागतो. २०२३-२४ च्या झूदमध्ये देशभरात सत्तर लाखांहून जास्त जनावरं मेली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नादाम: कुस्त्या, तिरंदाजी, घोड्यांच्या शर्यती. १ सप्टेंबरला शाळा उघडतात आणि आईबाप नटूनथटून मुलांना पोचवायला जातात. त्या दिवशी पाळी लावणं म्हणजे वेडेपणा. नोव्हेंबर-डिसेंबरात थंडी पक्की झाली की ‘इदेश’: हिवाळ्याचं मांस. प्रत्येक घर गाय किंवा घोडा आणि काही मेंढ्या कापतं, नातेवाईक जमतात, वाटण्या होतात आणि सगळं गोठवून ठेवलं जातं. काँक्रीट तोवर थांबलेलं असतं, पण पोलादी सांगाड्याची जोडणी चालू असते, आणि जोडणारे फिटर दोन-चार दिवसांसाठी गायब.

दुसऱ्या मोसमाचा बारचार्ट करायला इंजिनिअर मुकादमाला घेऊन बसला. भिंतीवर मोठा कागद लावला. ओतकामाच्या आणि जोडणीच्या ओळींमध्ये त्यांनी लोकर, नादाम, शाळा आणि इदेश अशा चार ओळी घातल्या, तारखा मुकादमानं सांगितल्या. त्या वजा जाता उरलेल्या दिवसांत काम बसवलं. ते बसलं, थोडं दाटीवाटीनं. रात्रपाळ्या जूनमध्ये ओढाव्या लागल्या, खडीचा साठा मार्चमध्येच करून ठेवावा लागला.

चार्ट भारतातल्या मुख्य कचेरीत मंजुरीला गेला. तिथल्या प्लॅनिंगच्या माणसानं प्रत्येक ओळ तपासली आणि शेरे पाठवले. लोकर आणि नादाम यांच्यापुढे नुसतं प्रश्नचिन्ह होतं. इदेशच्या ओळीपुढे लिहिलं होतं: ‘हे मटेरियल कोणत्या गोदामात ठेवणार? जागेचा तपशील द्यावा.’ दुभाषी मुलीनं ते वाचून दाखवलं तेव्हा मुकादम जोडणीचे बोल्ट मोजत होता. मोजणी न थांबवता त्यानं उत्तर दिलं, ‘लिही, तिसऱ्या मजल्यावर, माझ्या बाल्कनीत. आणि साहेब तपासायला येणार असतील तर जेवायलाच या म्हणावं.’